पासबुक दोघांचे, पत्र ज्याचे त्याचे

वाचकहो, एक घर डोळ्यापुढे आणा. तुमच्याच गावातले समजा. नवरा-बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. चार एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन आणि तूर. दारात एक म्हैस. घरात मोबाइल दोन, एक धन्याचा आणि एक कारभारणीचा. पंधरा वर्षांचा संसार. भांड्याला भांडे लागले असेल, पण आवाज कधी शेजारी गेला नाही.

यंदा मृगाची पेरणी उरकली आणि एक नवे लक्षण सुरू झाले. रात्री जेवणे आटोपून अंथरुणे पडली की धन्याचा फोन वाजायचा. तो नंबर पाहायचा, उठायचा आणि गोठ्याकडे जायचा. दहा मिनिटांनी परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"कुणाचा होता फोन?"

"कुणाचा नाही. झोप तू."

पूर्वी हाच फोन कोनाड्यात पडून असे. मुले त्यावर खेळत. आता तो बंडीच्या खिशात राहू लागला, आणि त्याला कुलूपही लागले. बाईच्या मनात काय आले असेल ते सांगायला नको. तिने थोरल्या बहिणीला फोन लावला आणि हळू आवाजात मन मोकळे केले. नेमका धनी घरात आला, तशी ती बोलायची थांबली. त्याच्या मनात आले, मला पाहून ही गप्प का झाली?

दुसऱ्या दिवशी ती खुरपायला गेली आणि याने तिचा फोन उघडला. बचत गटाच्या कामासाठी बँकेतल्या एका माणसाशी ती तीनदा बोलली होती. एवढे निमित्त पुरले. संध्याकाळी चुलीपुढे भडका उडाला. "माझ्या फोनला हात का लावला?" "मग माझ्यावर पाळत का ठेवतेस?" धाकट्या लेकराला घेऊन ती माहेरी निघून गेली.

आठव्या दिवशी माहेरी तिच्याच फोनवर एका अनोळखी माणसाचा फोन आला. "तुमच्या मालकानं आमच्याकडून पैसे घेतलेत. भरायला सांगा, नाही तर तुमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन करू." तेव्हा कुठे उलगडा झाला. उन्हाळ्यात पाडलेले बोअर कोरडे गेले होते. त्यासाठी काढलेले हातउसने फेडायला धन्याने मोबाइलवरच्या एका अॅपवरून आठ हजार रुपये घेतले. हातात आले साडेपाच हजार, आणि आठ दिवसांत फेडायचे पुरे आठ. ते फेडायला दुसऱ्या अॅपवरून घेतले, ते फेडायला तिसऱ्यावरून. गोठ्यात उभा राहून तो रोज रात्री वसुलीवाल्यांच्या शिव्या ऐकत होता.

हे घर मी रचले आहे, पण त्यातली एकेक वीट खरी आहे. असे फोन, असे गोठे आणि अशा रात्री गावोगाव आहेत. त्या बाईला वाटले फोनमध्ये दुसरी बाई आहे. त्या गड्याला वाटले तिच्या फोनमध्ये दुसरा कोणी आहे. दोघांनी एकमेकांचे फोन चाचपले आणि जे घर बुडवायला निघाले होते त्या कर्जाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. म्हणून आज या विषयावर थोडे बोलू. नवरा-बायकोने एकमेकांपासून फोनमधले काय लपवू नये, आणि काय पाहायला मागू नये?

ट्रंक आणि डाळीचा डबा

आपल्या आजा-पणजांच्या घरात फोन नव्हता, पण हा प्रश्न होता. तो त्यांनी फार शहाणपणाने सोडवला होता.

घरात पत्र्याची एक ट्रंक असे. तिच्यात रानाचे कागद, खरेदीखत, सोसायटीचे पासबुक, सावकाराच्या पावत्या आणि एखाद्या दागिन्याची पुरचुंडी. ट्रंकेची किल्ली कुठे असते ते घरच्या दोघांनाही ठाऊक असायचे. आजीला अक्षरओळख नसली तरी लाल फडक्यात बांधलेत ते रानाचे कागद आणि खाली ठेवलीय ती सोसायटीची वही, एवढे तिला माहीत असे. आजोबा अचानक गेले तर तीच लाल फडके काखोटीला मारून तलाठ्याकडे जायची. जिथे ही माहिती बाईपासून दडवली गेली, तिथे नवऱ्यामागे ती उघड्यावर आली. अशी घरेही आपण पाहिली आहेत.

त्याच घरात डाळीचा डबाही असे. त्याच्या तळाशी बाईने अंडी विकून, ताक विकून जमवलेल्या चार नोटा असायच्या. नवऱ्याला ते माहीत नसे असे थोडेच आहे! पण तो डब्यात हात घालत नसे. अडचण आली की विचारायचा, "तुझ्याकडं काही निघतं का बघ." आणि ती काढून द्यायची. तसेच माहेरच्या पत्राचे. पोस्टमनने दिलेले निळे अंतर्देशीय पत्र भल्या घरात तिच्या हातात न फोडता पडायचे. वाचता येत नसेल तर ती ज्याच्याकडून वाचून घ्यायची तो माणूसही ती स्वतः निवडायची.

ट्रंक दोघांची, डबा आणि पत्र जिचे तिचे. दोन्हींच्या जागा वेगळ्या होत्या, म्हणून घोटाळा होत नव्हता.

सगळे एकाच डब्यात आले

आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे कोलकाता आणि दिल्ली यांच्यात ३१ जुलै १९९५ रोजी झाले. खेड्यात फोन हातोहात यायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. २०१६ साली फोनवरून क्षणात पैसे पाठवायची यूपीआय सोय आली, त्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झाले, आणि बघता बघता फोन म्हणजे सगळेच झाले. पीएम किसानचे दोन हजार जमा झाल्याचा संदेश त्याच्यावर येतो. ई-पीक पाहणी त्याच्यावरून करायची, सातबारा त्याच्यावर पाहायचा, पीकविम्याची पोच त्याच्यात ठेवायची. बाजारभाव, हवामान, पीककर्जाच्या हप्त्याची आठवण, गॅसचा नंबर, मुलीच्या शाळेचा निरोप, सगळे तिथेच.

आणि तिथेच बहिणीचे रडणे आहे, मित्राची थट्टा आहे, आईने सांगितलेले दुखणे आहे.

म्हणजे ट्रंक, डाळीचा डबा आणि माहेरचे पत्र ही तिन्ही एकाच पेटीत कोंबली गेली, आणि पेटीला कुलूप एकच. मग नवरा म्हणतो, "कुलूप उघड, तुला लपवायचं काय आहे?" त्याला पत्र वाचायचे असते. बायको म्हणते, "मला दाखवा," आणि तिला पासबुक पाहायचे असते. दोघे एकच शब्द बोलतात, पण मागतात वेगवेगळे. भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. तेव्हा पहिले काम म्हणजे त्या एका पेटीतले जिन्नस मनातल्या मनात दोन ढिगांत वेगळे करायचे.

पासबुकात काय येते

ज्याने घराचे बरे-वाईट होते ते सगळे पासबुकात धरा. कोणत्या बँकेत कोणाच्या नावाने खाते आहे, पीककर्ज किती, सोसायटीची बाकी किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, आडत्याकडून उचल किती, सोने गहाण आहे का, विमा कोणता, अनुदानाचे पैसे कोणत्या खात्यावर येतात. एक गोष्ट पुरुष हमखास सांगायचे विसरतात, ती म्हणजे कुणाला जामीन राहिलात का. मित्राचे कर्ज थकले की जामीनदाराच्या दारात बँक येते, आणि तेव्हा घरच्या बाईला ते पहिल्यांदा कळते.

बायकांनीही हे स्वतःला लावून पाहावे. बचत गटाचे कर्ज, दुसऱ्या गटाचे कर्ज, भिशी, भावाला दिलेले पैसे हेही पासबुकच आहे. डाळीच्या डब्यातल्या नोटा तुमच्या. पण हप्त्याचे कर्ज घराच्या डोक्यावर बसते, ते डब्यात लपवता येणार नाही.

इथे एक घोटाळा मात्र करू नका. पासबुक दोघांचे म्हणजे पिन दोघांचा नव्हे. एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये असा बँकांचा नियम आहे, आणि त्यात नवरा-बायकोही आले. बंगळूरमधली गोष्ट सांगतो. २०१३ साली बाळंतपणानंतर घरात असलेल्या एका बाईने नवऱ्याला आपले एटीएम कार्ड आणि पिन देऊन पैसे काढायला पाठवले. यंत्रातून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून २५,००० रुपये वजा झाले. भांडण ग्राहक न्यायालयात गेले. दुसऱ्याच्या हाती पिन दिला हा नियमभंग, असे म्हणून २०१८ साली न्यायालयाने बँकेची बाजू धरली. नवरा परका नव्हे हे खरे, पण बँकेच्या लेखी खातेदार एकच.

मग अडीअडचणीला काय करायचे? त्याचे सरळ मार्ग आहेत. खाते जोडीने काढावे आणि ते "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचे ठेवावे. म्हणजे एक दवाखान्यात पडला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात. एकट्याच्या नावाच्या प्रत्येक खात्यावर वारसनोंद, म्हणजे नॉमिनी, लावली आहे का ते एकदा बँकेत जाऊन बघावे. पुष्कळांच्या खात्यावर अजून लग्नाआधी घातलेले आईचे नाव असते. नॉमिनी नवरा-बायको असली तरी पैशावरचा अंतिम हक्क वारसांचा असतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि एक साधी वही करा. तिच्यात बँक, खाते क्रमांक, विम्याचा क्रमांक, कोणत्या खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे, देणे किती, येणे किती, हे पेनाने लिहून ठेवा. पिन लिहू नका. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला किंवा फोनवाला माणूसच अचानक अंथरुणाला खिळला, तर ही वही तुमची ट्रंक होईल. आज कितीतरी घरांत नवरा आजारी पडला की फोन उघडता येत नाही म्हणून ओटीपी मिळत नाही, आणि ओटीपी नाही म्हणून ई-केवायसी अडते. या वहीने फोनचे कुलूप उघडणार नाही. पण कुठल्या दारात जाऊन काय मागायचे ते निदान कळेल.

पत्रात काय येते

आता दुसरा ढीग. बायको आईशी काय बोलली, नवऱ्याने मित्राला काय लिहिले, बहिणीने आपल्या सासरचे कोणते दुःख सांगितले, हे पत्र. त्यात एक तिसरे माणूस गुंतलेले असते हे आपण विसरतो. मेहुणीने मोकळ्या मनाने बहिणीला सांगितलेले दुखणे दाजींनी वाचावे, यासाठी ते सांगितलेले नसते. बायकोचा फोन वाचणारा नवरा नुसता बायकोचा नव्हे, तर चार घरांचा पडदा उचलतो.

आपल्याकडे या बाबतीत तराजू सरळ नाही हे मान्य केले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते की स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का. देशभरात साधारण ५४ टक्के स्त्रियांनी हो म्हटले. खेड्यापाड्यांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. आता फोन आणखी पसरले असतील. पण ज्या सुनेच्या हातात फोन आहे, तिचाही फोन पुष्कळदा सासू बघते, दीर बघतो आणि नवरा तर हक्कानेच बघतो. "कुणाशी एवढं बोलत होतीस?" हा प्रश्न लेकाला कोणी विचारत नाही, सुनेला मात्र दिवसातून दोनदा विचारतात.

वडीलधाऱ्या मंडळींनो, राग मानू नका. सून माहेरी फोन करते म्हणजे घर फोडते असे नाही. पूर्वी तिला सणावाराला मुराळी येईपर्यंत आईचा आवाज ऐकायला मिळत नसे. आता मिळतो, ही चांगलीच गोष्ट झाली.

नियम करायचा तर तो दोघांना सारखा करा. नवऱ्याच्या फोनला कुलूप चालते तर बायकोच्याही चालावे. बायकोने फोन आल्यावर कोणाचा ते सांगावे अशी अपेक्षा असेल, तर धन्यानेही गोठ्यात जाऊ नये.

झडतीने काय हाती लागते

काही जण म्हणतील, "संशय आला तर बघायचंच नाही का?" बघून काय होते ते सांगतो.

एक तर ज्याला लपवायचेच आहे त्याला संदेश पुसायला क्षणभरही लागत नाही. झडतीत सापडतो तो बेसावध आणि बहुतेक वेळा निर्दोष माणूस. दुसरे म्हणजे संशयाच्या डोळ्याला साधी गोष्टही वाकडी दिसते. तीनदा झालेला फोन, नावाऐवजी नुसते आडनाव, रात्री दहाचा संदेश, हे सगळे पुरावे वाटू लागतात. वर सांगितलेल्या घरात बँकेतल्या माणसाचे तीन फोन पुरले की नाही? आणि तिसरे म्हणजे झडतीमुळे समोरच्या माणसाला लपवायची सवय लागते. काल ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते, तो उद्यापासून साध्या गोष्टीही पुसून टाकतो, कारण वाद नको असतो. कुंपण घालायला गेलो आणि बांधच फुटला, अशी गत होते.

हल्ली काही जण याच्याही पुढे जातात. जोडीदाराच्या फोनवर गुपचूप पाळतीचे अॅप बसवायचे, व्हॉट्सअॅप आपल्या यंत्राला जोडून घ्यायचे, बोलणे टेप करायचे. असे करणे आपल्याला पटत असेल तर एकच कसोटी लावा. जोडीदाराने हेच तुमच्या फोनवर केलेले तुम्हाला चालेल का? तुमचे व्हॉट्सअॅप कुठे जोडलेले आहे का, ते त्याच्या सेटिंगमध्ये "जोडलेली उपकरणे" या ठिकाणी दिसते. अनोळखी यंत्र दिसले तर तिथूनच ते काढून टाकता येते.

कोर्टाचे काय म्हणणे आहे असे विचाराल, तर दोन निकाल माहीत असावेत. खासगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. लग्न झाले म्हणून हा हक्क गळून पडत नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने असेही ठरवले की नवरा-बायकोच्या वादात एकाने दुसऱ्याचे चोरून टेप केलेले बोलणे पुरावा म्हणून दाखल करता येईल. हे ऐकून कोणी फोन टेप करायला धावू नये. कारण त्याच निकालात न्यायालयाने असाही अभिप्राय दिला आहे की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायच्या थराला गेली असतील, तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे. टेप केलेले बोलणे कोर्टात उपयोगी पडेल, संसारात पडणार नाही.

मग विचारायचे कसे?

तोंडाने विचारायचे. याला दुसरा उपाय नाही. पण विचारायची वेळ असते आणि रीतही असते. लेकरांपुढे विचारू नका, सासू-सासऱ्यांना पंच करू नका, आणि पोटात भूक किंवा डोक्यात राग असताना तर नकोच. जेवणे झाली, गुरांना वैरण टाकून झाली की दोघेच बसा. "तुम्ही कुणाशी बोलता?" असा आरोपीला विचारावा तसा प्रश्न करू नका. "रात्री तुम्ही उठून जाता तेव्हा मला झोप येत नाही, काय झालंय?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस भिंत घालतो, दुसऱ्याला बहुधा उत्तर देतो.

लगेच उत्तर मिळेलच असे नाही. पण चार दिवसांनी पुन्हा शांतपणे विचारता येते. झडती घेतल्यावर तशी सोय उरत नाही.

कधी संशय खराही निघतो. त्याला मी नाही म्हणत नाही. पण तेव्हाही फोनमधले दहा संदेश वाचून फार तर आणखी दहा दिवस रडायला येईल. पुढे नांदायचे की नाही, कशा अटीवर नांदायचे, हे बोलूनच ठरवावे लागते. दोघांचाही विश्वास आहे असे एखादे शहाणे माणूस, मामा म्हणा, थोरली जाऊ म्हणा, मध्ये घ्यावे.

मात्र फोनवरून मारहाण, धमकी, फोन हिसकावून बाईला माहेरच्यांपासून तोडणे हे "घरातले भांडण" म्हणून सोडून देऊ नका. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा नुसत्या मारापुरता नाही, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात धरला आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर प्रत्येक बाईला तोंडपाठ असावेत. फोनमध्ये साठवलेला नंबर फोन हिसकावला की जातो, पाठ केलेला जात नाही.

पहिले खरे कसे ऐकता, त्यावर दुसरे अवलंबून

आता परत कर्जाकडे येऊ, कारण शेतकऱ्याच्या घरात फोनच्या कुलपामागे बहुतेक वेळा तेच दडलेले असते. माणूस कर्ज लपवतो ते बायकोला फसवायला नव्हे, त्याला लाज वाटते म्हणून. बोअर कोरडे गेले, भाव पडला, अंदाज चुकला, हे घरी कबूल करणे त्याला जड जाते. मग तो एकटाच ओझे वाहतो. आणि एकट्याने वाहिलेल्या ओझ्याखाली किती घरांचे कर्ते पुरुष गेले, हे आपल्या महाराष्ट्राला कोणी सांगायला नको.

म्हणून भगिनींनो, धन्याने असे काही सांगितले तर पहिला अर्धा तास हिशेब विचारू नका. "तेव्हाच सांगत होते" हे वाक्य गिळून टाका. पहिले खरे सांगितल्यावर घरात काय होते, हे पाहूनच माणूस दुसरे खरे सांगायचे की नाही ते ठरवतो. पुरुषांनाही हेच लागू आहे. बायकोने गटाचे दुसरे कर्ज कबूल केले आणि तुम्ही गावभर डंका पिटलात, तर तिसरे ती कधीच सांगणार नाही.

आणि थोडा धीर धरा, कारण मोबाइल अॅपच्या वसुलीवाल्यांची दहशत दिसते तेवढी मजबूत नसते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करायलाही बंदी आहे. कर्ज देणाऱ्या अॅपने तुमच्या फोनमधले फोटो आणि नंबरांची यादी उघडायची नाही, असाही नियम आहे. जी अॅपे हे सर्रास करतात ती बहुधा बेकायदेशीरच असतात. धमक्यांचे संदेश पुसू नका, तारीख-वेळेसह ठेवा आणि पोलीस ठाण्याची पायरी चढा. फोनवरून पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त. आणि घरातला माणूस फारच खचलेला, गप्प-गप्प दिसला, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या सरकारी टेलिमानस सेवेवर रात्री-अपरात्री फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते.

बाजारच्या दिवसाची बैठक

सगळे वाचून "करायचे काय?" असे म्हणाल, तर एकच गोष्ट सुचवतो. महिन्यातल्या एका बाजारच्या दिवशी, संध्याकाळी दिवेलागण झाली की दोघांनी वही घेऊन बसायचे. महिन्यात काय आले, काय गेले, कुणाचे देणे वाढले, बँकेचे कोणते संदेश आले ते मोठ्याने वाचायचे. वाचता येते त्याने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे. शाळेत जाणारी थोरली मुलगी असेल तर तिला लिहायला बसवा. घराचा व्यवहार तिला आतापासून कळेल. अर्धा तास पुरतो. पासबुक वाचून झाले की फोन ज्याचा त्याच्याकडे. त्यातली पत्रे कोणी मागायची नाहीत.

असे सहा महिने केलेत तर दुसऱ्याचा फोन उघडून बघावा ही हुरहूर आपोआप कमी होईल. कारण ज्याची भीती होती तेच उघड्यावर, उजेडात बसून वाचून झालेले असेल.

आणि आपण डोळ्यापुढे आणलेल्या त्या घराचे पुढे काय झाले? ती बाई त्याच दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने परत आली. धनी गोठ्यात बसला होता. तिने लेकराला आजीच्या मांडीवर दिले आणि ती त्याच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "पैशाचं बघू. तूर निघंल, म्हशीचं दूध आहे. पण आता इथून पुढं फोन घेऊन गोठ्यात येऊ नका. घरात बसून बोला."

रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. त्याने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "उचला." त्याने बाजेवर बसूनच फोन उचलला आणि म्हणाला, "सातनंतर फोन करायचा नाही असा नियम आहे. काय बोलायचं ते उद्या सकाळी आठनंतर बोला. माझी बायको बी ऐकतीय."

त्या रात्री कर्जातला एक रुपयाही फिटला नाही. पण दोघांना झोप लागली.